आपली वर्गणी संपत नाही

आमच्या धाकट्या दिरांना रोज सकाळी सात वाजता अळिंबीच्या शेतीविषयी एक ईमेल येते. खोलीत ओलावा किती ठेवावा, गव्हाचं काड गरम पाण्यात किती वेळ बुडवावं, पिशवीत हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी ताबडतोब बाहेर का काढावी, सगळं त्यात बैजवार असतं. भाऊजी डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेत कर्जवसुली बघतात आणि भाजीत मशरूम आलं तर वेचून ताटाच्या कडेला लावतात.

"हे तुम्हाला येतं कशाला?" मी विचारलं.

"काही कल्पना नाही, वहिनी. कधीतरी काहीतरी दाबलं गेलं असणार."

"मग बंद करून टाका ना."

"असू दे हो. बिचारा रोज लिहितो."

तो बिचारा रोज लिहीत नाही. त्याने कधीकाळी महिनाभर पुरतील एवढी पत्रं एकदाच खरडून यंत्राच्या हवाली केली आहेत. नवा माणूस हाती लागला की यंत्र त्याला पहिलं पत्र धाडतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. वाचणारा पेरतोय की झोपलाय, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. मध्यंतरी भाऊजींना 'पहिल्या तोडणीबद्दल हार्दिक अभिनंदन!' असं पत्र आलं. जाऊबाई म्हणाल्या, "यांनी अजून कोथिंबीर तोडलेली नाही."

न्यूजलेटर हवं म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. माणूस निघतो साडी घ्यायला. साडी ठरते, घासाघीस होते आणि गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता विचारते, "मॅडम, ईमेल आयडी?" मागे रांग असते, पैसे देऊन झालेले असतात आणि पिशवी अजून तिच्याच हातात असते. अशा वेळी 'कशाला हवाय?' असं विचारायला जी छाती लागते, ती आमच्या घरात फक्त सासूबाईंकडे होती. त्या स्वच्छ सांगायच्या, "पैसे मिळाले ना? मग आण इकडे पिशवी." आम्ही बाकीचे सगळे एकेक अक्षर सांगत बसतो. "एस फॉर सोलापूर. नाही, एस. एफ नाही हो." चुकीचा लिहिला तर बरंच, पण त्या मुली नेमका बरोबर लिहितात.

तीच गत हॉस्पिटलच्या फुकट वायफायची, तीच नाटकाच्या तिकिटाची. 'उकडीच्या मोदकाची पारी न फुटण्याच्या युक्त्या, मोफत' अशा पीडीएफचीही तीच. मोदक व्हायचे ते होतात, पारी फुटायची ती फुटते, आणि पुढल्या गणपतीपर्यंत ओव्हनच्या जाहिराती येत राहतात. काही ठिकाणी तर आपल्याला काही करावंच लागत नाही. फॉर्मच्या तळाशी 'मला आपली माहितीपत्रे मिळावीत' या चौकोनात बरोबरची खूण कुणीतरी आपल्यासाठी आधीच करून ठेवलेली असते.

आणि एखाद्या संकेतस्थळावर लेख वाचायला जावं, दोन ओळी होतात न होतात तोच मजकुरावर पडदा पडतो आणि पडद्यावर दोन बटणं उगवतात. एकावर ठसठशीत अक्षरांत 'हो, मला आरोग्य सुधारायचंय!' दुसऱ्यावर बारीक अक्षरांत 'नको, मी आहे तसाच बरा.' आता सासरच्या माणसांदेखत दुसरं बटण कोण दाबणार? माणसाला लाजवून होकार काढायच्या या कलेला सरकारदरबारीसुद्धा नोंद मिळाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये संकेतस्थळांवरच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात लाजवून होकार घेणंही आहे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणंही. यादी वाचताना मला लग्न जमवणारे आमचे एक मामा सारखे आठवत होते, पण ते ऑफलाइन काम करायचे.

पूर्वी वर्गणीदार होणं म्हणजे काम असे. पोस्टात जायचं, मनीऑर्डरचा फॉर्म मागायचा, सुतळीने बांधलेल्या आणि न उमटणाऱ्या पेनाने तो भरायचा, खालच्या कुपनावर 'वार्षिक वर्गणी पाठवीत आहे, जानेवारीपासून अंक सुरू करावा' एवढं कोंबायचं आणि खिडकीशी उभं राहायचं. कमिशन वेगळं. एवढा खटाटोप करून मागवलेला अंक माणूस वाचायचाच. कथा वाचायचा, मुडदुसावरच्या गोळ्यांची जाहिरात वाचायचा, शेवटी वाचायला काही उरलं नाही की मुद्रकाचं नाव आणि पत्ता वाचायचा.

अंक यायचा तो कागदी वेष्टनात. वेष्टनावर नाव, पत्ता आणि वर्गणीदार क्रमांक. हा क्रमांक 'पत्रव्यवहारात न चुकता नमूद करावा' अशी सूचना असायची आणि ती कुणीच पाळायचं नाही. वर्ष सरत आलं की वेष्टनावर जांभळा शिक्का पडे : 'आपली वर्गणी या अंकासोबत संपत आहे.' त्या शिक्क्याची मला आता किंमत कळते. वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी आपल्याला विचारत होतं की बाबा रे, तुला हे अजून हवंय का? मग घरात चर्चा व्हायची. हल्ली कथा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पण शब्दकोडं चांगलं असतं, तेव्हा आणखी एक वर्ष चालू ठेवू. आज मला येणाऱ्या एकाही पत्रावर तो शिक्का नसतो. पैसेच दिले नाहीत तर संपणार काय?

मात्र जुने संपादक अगदीच भोळे होते असं समजू नका. बऱ्याच नियतकालिकांत अशीही सूचना असे की वर्गणी पुढे चालू ठेवायची नसल्यास तसं आगाऊ कळवावं, अन्यथा नव्या वर्षाचा पहिला अंक व्ही. पी.ने पाठवू, व्ही. पी. परत करून आमचं नुकसान करू नये. म्हणजे न बोलणं हाच होकार. पोस्टमन दारात उभा, हातात अंक, वर पैशांचा आकडा, आणि शेजारी दार किलकिलं करून बघतायत. व्ही. पी. परत केली तर आळीत बातमी व्हायची. त्या १३ क्लृप्त्यांमधल्या एकदोन तरी आपल्याकडे टपालखात्याच्या मदतीने आधीच नांदत होत्या असं माझं मत आहे.

आणि कंपनीचं न्यूजलेटर म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही, निदान मराठी माणसाने तरी. शंकरराव किर्लोस्करांनी १९२०मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याची बातमीपत्रिकाच. नांगर आणि चरक करणाऱ्या कारखान्याने आपल्या मालाची आणि माणसांची खबर गिऱ्हाइकांना द्यावी, एवढाच मामला. पुढे त्यातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' हे मासिक झालं. १९३०मध्ये 'स्त्री' आलं, १९३४मध्ये 'मनोहर'. नांगराचं माहितीपत्रक म्हणून सुरू झालेली गोष्ट मराठी घरांत पन्नास-साठ वर्षं आवडीने वाचली गेली. गुडघ्याचा पट्टा विकणाऱ्या आजच्या कंपनीकडून मी एवढी अपेक्षा ठेवत नाही. पण 'मग जाल विसरून? आणखी २० टक्के सूट!' याच्यापुढे एखादं वाक्य तिला सुचायला हरकत नव्हती.

त्या गुडघ्याच्या पट्ट्यावरून अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या बारनिशीत त्यांची हयात गेली. आलेलं पत्र आवक नोंदवहीत चढवायचं, क्रमांक टाकायचा, ज्या टेबलाचं त्या टेबलाकडे सोडायचं, उत्तर निघालं की जावकमध्ये नोंद करायची. पत्र आलं आणि त्याचं उत्तर गेलं नाही, ही गोष्ट त्यांच्या नोकरीत बसत नव्हती आणि निवृत्तीतही बसत नाही. वयाच्या सत्तरीत ते ईमेल शिकले आणि कुठलाही फॉर्म पुढे आला की तो पूर्ण भरू लागले. 'पहिलं नाव' या रकान्यात त्यांनी रीतीप्रमाणे 'श्री.' असं भरलं. तेव्हापासून देशभरच्या कंपन्या त्यांना 'हाय श्री!' अशी हाक मारतात. एकीने तर 'श्री, आम्हाला तुझी आठवण येतेय' असं लिहिलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

अण्णा प्रत्येक न्यूजलेटरला उत्तर देतात. पूर्वी 'आपले पत्र पावले, मजकूर समजला' एवढंच असायचं. पण गुडघ्याच्या पट्ट्याची पत्रं आठवड्यातून तीनदा यायला लागली तेव्हा त्यांनी दोन बोटांनी टंकून रीतसर पत्र काढलं :

"विषय : माहितीपत्रे पाठविणे बंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार यांचे गुडघे सद्यःस्थितीत समाधानकारक असून आपल्या पट्ट्याची आवश्यकता राहिलेली नाही. सबब, यापुढे सदर पत्रे पाठविण्यात येऊ नयेत. उचित कार्यवाही होऊन अनुपालन अहवाल पाठवावा, ही विनंती."

पत्र 'नो-रिप्लाय' नावाच्या पत्त्यावर गेलं. त्या पत्त्यावर कुणीही राहत नाही. पाठोपाठ इंग्रजीत निरोप आला की पत्र पोचू शकलं नाही. खाली सही होती मेलर डेमनची. अण्णा खूश झाले. "बाकी कुणी उत्तर देत नाहीत, पण हे डेमनसाहेब फार तत्पर आहेत. पाच सेकंदांत पोच." पंधरा दिवसांनी त्यांनी स्मरणपत्र क्रमांक १ पाठवलं, 'प्रत : श्री. डेमन यांना माहितीसाठी' असं खाली लिहून.

शेवटी मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, अण्णा, पत्र नका लिहू, बंद करायची जागा खाली असते. आम्ही खाली गेलो. पट्टा घालून टेकडी चढणारी बाई गेली, ग्राहकांचे अनुभव गेले, फोटो गेले, कंपनीचा पत्ता आला, आणि त्याच्याही खाली पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगात मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं दिसली. अण्णांनी भिंग आणलं. ज्यांना मोतीबिंदू असण्याचा संभव जास्त, नेमक्या त्यांना पट्टे विकणाऱ्या कंपनीने निघायची वाट त्या रंगात का लिहावी, याचं उत्तर तिने दिलं पाहिजे.

दाबलं. नवं पान उघडलं. तिथे ईमेल पुन्हा मागितली, जणू ती आम्ही यांच्यापासून लपवून ठेवली होती. मग खुणा केलेले डझनभर चौकोन : साप्ताहिक पत्र, सणासुदीच्या सवलती, भागीदारांकडून काही खास, आरोग्याचा विचार. एकेक खूण काढली. मग प्रश्न आला : 'का सोडून जाताय?'

"फार येतात म्हणून सांगा," मी म्हटलं.

"तसं बरं दिसत नाही ग," म्हणत अण्णांनी 'इतर' निवडलं आणि खालच्या चौकोनात सविस्तर लिहायला घेतलं. चौकोन दोन ओळींतच भरला. "पुरवणी जोडता येते का?" त्यांनी विचारलं. पुरवणीची सोय नव्हती. मग एक रडका कुत्रा आला आणि त्याच्याखाली 'थांबतो' असं हिरवंगार बटण. 'जातो' कुठे आहे ते शोधायला पुन्हा भिंग लागलं. जातो म्हटल्यावर सूचना आली की आपली विनंती मान्य व्हायला दहा कामाचे दिवस लागू शकतात. नाव घालायला एक क्षण पुरतो. काढायला दहा दिवस, तेही सुट्ट्या सोडून. ही दहा दिवसांची मुदत अमेरिकेतल्या २००३च्या कायद्यातून जगभर पसरली आहे, म्हणजे आमच्या गुडघ्यांनासुद्धा अमेरिकेचा कायदा लागू. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं असं लिहिलेलं आहे. करडी अक्षरं त्यात कशी बसवायची, ते वकील बघून घेतील.

सगळं झाल्यावर आणखी एक ईमेल आली : आपलं नाव यादीतून कमी केल्याची ही नोंद. मी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, "बघ. अनुपालन अहवाल आला. शिस्त आहे."

खरं तर एवढी यातायात आता करावी लागत नाही, हे मला नंतर नणंदेच्या मुलीने सांगितलं. ती हिंजवडीत नोकरी करते आणि घरातली ईमेलची वैद्य आहे. ईमेलच्या डोक्यावर, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळींत, यादीतून बाहेर पडायचा पत्ता लिहायची सोय १९९८पासून आहे म्हणे. पाठवणारे ती वापरायला नाखूश होते. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने दटावलं की दिवसाला पाच हजारांवर जाहिराती पाठवणाऱ्याने एका टिचकीत बाहेर पडू दिलंच पाहिजे आणि ते दोन दिवसांत अमलात आणलं पाहिजे. म्हणून आता जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच तसं बटण दिसतं. तळाशी जायला नको, कुत्रा बघायला नको. शिवाय २०२५पासून जीमेलमध्ये एक पान आहे, त्यावर आपल्याला कोण कोण पत्रं पाठवतं आणि अलीकडे किती पाठवली, याची यादीच लागते. सर्वांत जास्त पाठवणारा सर्वांत वर. भाऊजींना ते पान उघडून दिलं. पहिल्या नंबरावर अळिंबी नव्हती, त्यांचीच बँक होती.

याच मुलीने मला आणखी एक गंमत शिकवली. जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून काहीही शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच पोचतं. म्हणून ती साडीच्या दुकानात आपल्या नावापुढे 'अधिक साडी' असा पत्ता देते, औषधाच्या दुकानात 'अधिक औषध'. परवा तिच्या 'साडी'च्या पत्त्यावर चाकणजवळच्या एन. ए. प्लॉटची जाहिरात आली. ती तडक दुकानात गेली. "मी पैठणी घेतली होती, जमीन नाही. बिल्डरला माझा पत्ता कुणी दिला?" गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "सिस्टीममधून गेला असेल, मॅडम." दुकानात चोरी सापडली आणि चोराचं नाव सिस्टीम. निदान चोरी कुठल्या घरातून झाली ते कळलं.

ज्या पाठवणाऱ्याचं नावही कधी ऐकलेलं नाही, त्याच्या पत्रात 'बंद करा' दाबू नये, एवढं मात्र तिने बजावून सांगितलं. दाबलं की त्याला कळतं, हा पत्ता जिवंत आहे, इथे माणूस राहतो. अशांना सरळ स्पॅममध्ये ढकलावं. आणि उलट, ज्याच्याकडे आपण आपल्या पायांनी गेलो होतो, त्याला कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये ढकलू नये. एखाद्या गावातल्या ग्रंथालयाचं व्याख्यानमालेचं पत्र असं चारजणांनी ढकललं की बाकीच्या सभासदांचीही पत्रं अडकायला लागतात.

पण हीच हुशार मुलगी 'वाचायचंय' या नावाचा एक कप्पा बाळगून आहे. निवडून, विचार करून मागवलेली न्यूजलेटरं तिथे आपोआप जाऊन पडतात. रविवारी वाचणार असते. रविवारी कपडे असतात. त्या कप्प्यात डोकावले तर सर्वांत मोठा ढीग 'इनबॉक्स रिकामा कसा ठेवावा' या विषयावरच्या पत्रांचा. एकही उघडलेलं नाही. जुन्या मासिकांचा ढीग साठला की आमची आई रद्दीवाल्याला बोलवायची आणि त्यातून निदान कढीपत्ता आणि आल्याचे पैसे सुटायचे. या ढिगाला रद्दीवालाही विचारत नाही. १५ जीबीची फुकट जागा भरली की जीमेलच जास्तीच्या जागेचं महिन्याचं भाडं सुचवतं. रद्दी ठेवायला आपण पैसे मोजायचे.

पाठवणारेही काही सुखात नाहीत. ईमेलमध्ये ते एक ठिपक्याएवढं, डोळ्याला न दिसणारं चित्र दडवतात. आपण पत्र उघडलं की ते चित्र त्यांच्या यंत्राकडून मागवलं जातं आणि त्यांना कळतं, उघडलं. न उघडणाऱ्यांना मग रुसवे काढणारी पत्रं जातात. २०२१मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये अशी सोय दिली की ती चित्रं यंत्रच परस्पर मागवून ठेवतं. त्यामुळे झोपलेला वाचकही तिकडे जागा दिसतो. जुन्या संपादकाला यातलं काही कळत नव्हतं. आमचे एक काका वेष्टनसुद्धा न फोडता अंक माळ्यावर टाकायचे. वर्गणी मात्र वेळेवर भरायचे. संपादकांच्या हिशेबी ते आदर्श वाचक होते.

आता राहिलं ते चांगलं काही सापडतं कसं. डोंबिवलीत आमच्याकडे सायकलवरून मासिकं घेऊन येणारे वाचनालयाचे काका होते. हँडलला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या. दारात उभे राहून सांगायचे, "वहिनी, हा अंक कर्णिकांकडे जाणार होता, पण यातली कथा तुमच्या जोगी आहे, परवापर्यंत ठेवा." कर्णिकांच्या आधी आपल्याला मिळाला या आनंदातच ती कथा निम्मी आवडून जायची. दिवाळीनंतर तर काकांची मर्जी सांभाळावी लागायची. मासिक 'मनोरंजन'चे का. र. मित्र यांनी १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस वर्षभराचं वाचन त्या महिन्यात उरकायला बघतो, आणि अमुक अंक आधी कुणाला, यावरून इमारतीत अबोले होतात. मुद्दा असा की वाचायचं ते कुणीतरी सांगितलेलं असायचं. त्या माणसाला आपण ओळखायचो, आणि अंक टुकार निघाला तर परवा तोंडावर सांगायचो.

आजही बरं न्यूजलेटर असंच हाती येतं. कुणीतरी 'हे वाच' म्हणतं. फक्त मधे व्हॉट्सॲप आलं आहे. कोकणातले एक निवृत्त प्राध्यापक पावसाळाभर दर शनिवारी रानभाज्यांवर पत्र लिहितात. टाकळा कधी खुडायचा, फोडशीची पात कशी ओळखायची, कुर्डूची भाजी कोवळी असतानाच का करायची. सुरेख लिहितात, आणि मी त्याची वर्गणी भरते. पण ते मला सापडलं कसं? सोसायटीच्या ग्रुपवर त्यातलं एक पत्र आलं, तेव्हा वर प्राध्यापकांचं नाव नव्हतं, खाली वर्गणीचा दुवा नव्हता. मध्येच चार गुलाबाची फुलं घातली होती आणि शेवटी 'साभार' एवढंच. साभार कुणाचे? पाठवणाऱ्या ताईंना विचारलं, त्यांना त्यांच्या विहीणबाईंनी पाठवलं होतं. विहीणबाईंकडे ते 'योगा ग्रुप २'वरून आलं होतं. योगा ग्रुपवर त्याच्या खाली पु. ल. देशपांड्यांचं नाव होतं. पु. ल. २०००मध्ये गेले आणि या पत्रात तर यंदाच्या जूनच्या पावसाची तक्रार होती. तरीही त्याला चाळीस अंगठे मिळाले होते. मूळ पत्रापर्यंत पोचायला मला तीन ग्रुप आणि एक बारसं फिरावं लागलं.

जुन्या मासिकांत संपादक हात जोडून लिहायचे : प्रत्येक वर्गणीदाराने निदान एक नवा वर्गणीदार मिळवून द्यावा. आताचे लोक तेच सांगतात, फक्त तीन मित्र आणले तर कॉफीचा मग देतात. मगाचं मी बोलत नाही. पण कुणी मन लावून लिहिलेलं पत्र तुम्हाला आवडलं आणि चार जणांना पाठवावंसं वाटलं, तर जरूर पाठवा. फक्त खालचं नाव आणि वर्गणीचा दुवा कापू नका, आणि गुलाब घालायचेच असतील तर नावाच्या खाली घाला.